पाषाणातला पांढरा फेल्स्पार

[दृश्य: कसारा घाट, रस्त्यासाठी कापलेली दरड]

मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाटातली दरड जवळून पाहा. काही थरांत काळ्या पाषाणात पांढरट, चपटे स्फटिक विखुरलेले दिसतात. काही तर बोटाच्या पेराएवढे. खडा उन्हात जरा तिरका धरला की त्यांची सपाट बाजू लखकन चमकते. हा फेल्स्पार. त्यातही कॅल्शियम आणि सोडियम असलेला, प्लॅजिओक्लेज नावाचा.

पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग या खनिजगटाचा आहे. तरी आपल्याला गारगोटी ओळखता येते, फेल्स्पार नाही. हे मला फार खटकतं.

दख्खनच्या पाषाणात प्लॅजिओक्लेज सगळीकडे आहेच, पण सहसा इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसावा. लाव्हा जमिनीवर पसरला की झपाट्यानं थिजतो, स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही. कसाऱ्याचे हे मोठे स्फटिक मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात साचलेल्या शिलारसात सावकाश वाढले आणि उद्रेकात त्याच्यासोबत वर आले. मंचर, गिरवली इथंही असे थर आहेत. सह्याद्रीतले लाव्हाथर एकसारखे दिसतात. त्यांचा क्रम लावताना भूवैज्ञानिकांना हेच थर खुणेचे ठरतात.

[दृश्य: नवी विहीर, कापलेली बाजू]

सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची घट्ट चौकट, तिच्या पोकळ्यांत कॅल्शियम, सोडियम किंवा पोटॅशियम, अशी फेल्स्पारची रचना. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि ही चौकट हळूहळू उसवते.

देशावरच्या विहिरीत ते उघड दिसतं. तळाला पाषाण, त्यावर मुरूम, वर काळी माती. इथं पाऊस बेताचा आणि निचरा कमी, म्हणून सिलिका बरीचशी जागेवर राहते आणि पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती बनते. उन्हाळ्यात हीच जमीन हात जाईल एवढी भेगाळते. सुटलेला कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन मातीत बसतो. शेतकरी ज्या चुनखडीला वैतागतात, तिच्यातला बराच कॅल्शियम या फेल्स्पारमधला.

महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरही मूळ पाषाण हाच, पण पाऊस धो धो. तिथं कॅल्शियम, सोडियम तर गेलेच, सिलिकाही वाहून गेली. उरला लोह आणि ॲल्युमिनियमचा जांभा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर काही ठिकाणी ॲल्युमिनियम इतकं साठलंय की तो थर बॉक्साइट म्हणून खणला जातो. त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियम मूळचं फेल्स्पारच्या चौकटीतलं.