जिन्यावरचा बाख

नमस्कार श्रोतेहो. जॉन एलियट गार्डिनर या इंग्रज कंडक्टरवर, म्हणजे गायक-वादकांच्या ताफ्याला हाताच्या इशाऱ्यांनी चालवणाऱ्या माणसावर, समीक्षकांनी आजवर जे कौतुकाने लिहिलं, त्यात एक गोष्ट हटकून येते. यांचा बाख नाचतो. बाख म्हणजे अठराव्या शतकातला थोर जर्मन संगीतकार. चर्चमधलं, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, आणि ते नाचतं. हे नाचणं आलं कुठून, ते आज सांगतो.

गार्डिनर जन्मले १९४३ साली, डॉर्सेटमधल्या एका जुन्या पाणचक्कीच्या घरात. महायुद्ध चालू होतं. नाझी जर्मनीतून निघून आलेल्या एका गृहस्थांनी आपल्याकडचं एक तैलचित्र बॉम्बहल्ल्यापासून वाचावं म्हणून या कुटुंबाकडे ठेवायला दिलं. चित्र कुणाचं? खुद्द योहान सेबास्टियान बाख यांचं! हाउसमान या चित्रकाराने १७४८ साली काढलेलं. ते लावलं जिन्याच्या वरच्या टोकाशी. रोज रात्री झोपायला जाताना लहानग्या जॉनला त्याच्यासमोरून जावं लागे, आणि ती करडी नजर त्याला सोसवत नसे. तो नजर चुकवून पुढे सटके.

आता गंमत बघा. त्याच घरात सगळे मिळून गात. बाखच्या मोटेटमधल्या, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या धार्मिक गाण्यांमधल्या, वरच्या पट्टीच्या ओळी या मुलाला लहानपणीच तोंडपाठ झाल्या होत्या. तोंडात आनंदाने उसळणारं गाणं, आणि जिन्यावर तो कठोर माणूस. दोघे एकच कसे?

पुढे १९५२ साली ते चित्र विकलं गेलं, अमेरिकेत प्रिन्स्टनला गेलं, आणि २०१५ मध्ये लाइपझिगला, बाखच्या गावी परतलं. मोठेपणी गार्डिनरना त्यात दोन माणसं दिसली. कुठे हे चित्र मिळालं तर चेहऱ्याचा खालचा भाग हाताने झाका. कपाळ, भुवया, डोळे: कडक शिस्तीचा मास्तर. आता वरचा भाग झाका. भरलेले ओठ, गुबगुबीत हनुवटी: खाण्यापिण्यात रमणारा माणूस.

समीक्षक ज्याला नाचणं म्हणतात, ते मला वाटतं या खालच्या अर्ध्या चेहऱ्याचं गाणं आहे. गार्डिनरनी १९६४ साली केंब्रिजमध्ये मॉन्टेवेर्डी कॉयर, म्हणजे गायकवृंद, उभा केला. त्यात शब्दाचं पहिलं व्यंजन सगळे एका क्षणी उच्चारतात, आणि ताल तिथूनच उचलला जातो. शब्दातून ताल, हे लक्षात ठेवा. आपल्या शाळांच्या समूहगानात मुलांना फक्त ‘मोठ्याने’ सांगतात, शब्द कुणी घोटून घेत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

२००० साली, बाखच्या अडीचशेव्या स्मृतिवर्षात, त्यांनी बाखचे चर्चसाठीचे सगळे उपलब्ध कॅन्टाटा, म्हणजे त्या त्या रविवारच्या उपासनेसाठी रचलेली गायन-वादनाची कामं, गावोगावच्या चर्चमध्ये सादर केले, आणि तेही ज्या रविवारचा कॅन्टाटा त्या सुमारास. आषाढीचा अभंग आषाढीलाच म्हणावा, तसं. या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग काढण्यातून रेकॉर्ड कंपनीने माघार घेतली, तेव्हा त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २००५ मध्ये पहिला भाग आला आणि ‘ग्रामोफोन’ या संगीतविषयक मासिकाने त्याला वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड ठरवलं.

हेही सांगायला हवं, की २०२३ मध्ये त्यांनी एका तरुण गायकाला मारलं, जाहीर माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी आपलाच कॉयर त्यांना सोडावा लागला. गाणाऱ्यावर हात टाकणं कुठल्याही कलेने माफ होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रेकॉर्डिंगमध्ये त्या शेकडो गळ्यांचीही मेहनत आहे, म्हणून मी ती ऐकत राहतो.

आता त्यांच्याच कॉयरने गायलेलं बाखचं मोटेट ‘झिंगेट डेम हेर्न’ लावतो. परमेश्वरासाठी नवं गाणं गा, असं हे स्तोत्र. आठ आवाज, दोन कॉयर, एक विचारतो तर दुसरा उचलतो. शब्दांतच पुढे येतं की त्याच्या नावाची स्तुती फेर धरून करा. तिथे कान द्या, पाय आपोआप ठेका धरेल.