कांद्याचं नसलेलं बी

(दृश्य: पुण्यातली एक गच्ची, कोवळं ऊन. कठड्यालगत दोन कुंड्या.)

या दोन कुंड्यांमध्ये दोन वेगवेगळी काळी बियाणी पेरली आहेत. एक कांद्याचं बी. दुसरी कलौंजी, जिला आपल्याकडे कित्येक घरांत कांद्याचंच बी म्हणतात.

पंधरा दिवसांनी जवळ जाऊन बघा. कांद्याच्या कुंडीत दोऱ्यासारखं एकच पान, गुडघ्यात दुमडलेलं. कलौंजीच्या कुंडीत समोरासमोर दोन दळं, म्हणजे बीतून निघणारी पहिली पानं. यानंतर वाद घालायला जागाच उरत नाही.

नावांचा हा घोळ तेवढ्यावर थांबत नाही. दुकानात 'काळं जिरं' मागितलं, तर कुणी शहाजिरं देतं, कुणी कडूजिरं. चटणीचं कारळं आणखी निराळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. कलौंजीचं शास्त्रीय नाव नायजेला सटायव्हा. ती मोरवेलीच्या कुळातली, म्हणजे बचनागाची भाऊबंद. पेरणीसाठी विकतात त्या कांद्याच्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून ते चुकूनही स्वयंपाकात जाऊ देऊ नका. कलौंजी ओळखायची वासावरून. चार दाणे तळहातावर चोळले की ओव्याच्या जवळपास जाणारा तिखट, कडसर वास येतो. दाणाही तीन धारांचा, खरखरीत.

(दृश्य: बोटांनी मातीत ओढलेली रेघ, तीत पडणारे दाणे.)

पेरणी रब्बीची. दिवाळीच्या आसपास, उन्हाचा ताव उतरला की. वाण्याकडची कलौंजी भाजलेली नसेल आणि फार जुनी नसेल, तर तीच उगवते. दाणे जेमतेम सेंटिमीटरभर खोल घालून मातीनं नीट झाकायचे. त्यांना उगवायला अंधार लागतो. आणि जिथं पेरलं तिथंच वाढवायचं. हिचं सोटमूळ नाजूक असतं, उपटून दुसरीकडे लावलं तर रोप सहसा रुसतं. दाट उगवलेली रोपं विरळ करताना जीव हळहळतो, पण वीतभर अंतर ठेवायलाच हवं. पाणी बेतानं. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

आता थोडं थांबून फूल बघू.

(दृश्य: फुलाचं अगदी जवळून चित्रण. एक मधमाशी.)

बडीशेपेसारख्या चिरलेल्या पानांतून हे फिकट निळं, पांढरट फूल वर येतं. पाच पाकळ्या दिसतात ना? त्या पाकळ्या नाहीत, ती निदलं आहेत, एरवी कळीला बाहेरून झाकणारी. खऱ्या पाकळ्या आत, इवल्याशा, मधाच्या कुप्या झालेल्या. प्रत्येक कुपीला झाकण! माशी ते झाकण उचलून मध पिते आणि पुंकेसर तिच्या पाठीला परागकण फासतात. हे पुंकेसर सुरुवातीला उभे असतात, मग एकामागून एक बाहेर झुकत जातात. पुढं मधल्या कुक्षीवृंतांची, म्हणजे बीजकोशावरच्या दांड्यांची पाळी. तेही वाकून खाली येतात, माशीच्या उंचीला. आम्ही दोन सकाळी कॅमेरा हलवला नाही, तो यासाठी.

फूल गळतं आणि बोंड फुगतं. डोक्यावर त्याच कुक्षीवृंतांची वाळकी शिंगं. जेवढी शिंगं, तेवढे आत कप्पे. हिरवं बोंड फोडलं तर दाणे पांढरे निघतात. काळेपणा नंतरचा.

(दृश्य: मार्च. पिवळी पडलेली झाडं, पहाटेचा उजेड.)

पेरल्यापासून साधारण साडेचार महिन्यांनी काढणी. इथं एक-दोन दिवसांची चूकही नडते. बोंडं पिवळट तपकिरी झाली, हलवल्यावर आत दाणे खुळखुळले, की थांबायचं नाही. टोकं उकलली, की वाऱ्याच्या झुळकीसरशी दाणे मातीत. म्हणून काढायचं सकाळी लवकर, बोंडात थोडा ओलावा असताना. मुळासकट न उपटता कात्रीनं कापायचं, म्हणजे दाण्यांत माती मिसळत नाही. जुन्या धोतराच्या कापडावर सावलीत चार-पाच दिवस वाळवायचं आणि मग काठीनं हलकेच झोडपायचं.

बायबलच्या जुन्या करारात, यशयाच्या ग्रंथात, एका बियाबद्दल म्हटलं आहे की ते मळणीच्या अवजाराखाली मळत नाहीत, काठीनं झोडतात. मूळ हिब्रू शब्द 'केत्साह'. आजच्या हिब्रूतही कलौंजीला तेच म्हणतात. राजस्थानात अजमेरजवळ तबीजीला बीजमसाल्यांसाठी 2000 सालापासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कलौंजी त्यांच्याही पिकांत आहे. गच्चीवरच्या कुंडीला मात्र ती जुनी काठीच पुरते.

(दृश्य: सूप. भुसा उडतो, काळे दाणे उरतात.)

एका कुंडीतून निघतात दोन-तीन चमचे. बंगाली घरांत हे पाचफोडणात पडतील, कुठं नानवर. आम्ही ते लाल भोपळ्याच्या भाजीला घातले, तेल तापल्यावर, अगदी चिमूटभर. ताज्या दाण्याचा वास दुकानातल्या पुडीला येत नाही.

चमचाभर दाणे वेगळे काढले आहेत, पुढच्या दिवाळीसाठी. आई बरणीवर चिठ्ठी चिकटवते आहे. तिनं आजवर या दाण्यांना कांद्याचं बीच म्हटलं. आज चिठ्ठीवर लिहिते, 'कलौंजी'.