चाळिसाव्या दिवशी

[दृश्य : जुनं वर्तमानपत्र, कॅमेरा हळूहळू एका लेखावर येतो.]

७ जानेवारी १९७८. तेहरानच्या 'इत्तेलाआत' दैनिकात एक लेख छापून आला. लेखकाचं नाव खोटं होतं, पण नेम कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं. इराणच्या राजानं, म्हणजे शहानं, तेरा वर्षांपूर्वी देशाबाहेर घालवलेले आणि आता इराकातल्या नजफमध्ये राहणारे शिया धर्मगुरू आयतुल्ला खोमेनी. लेखात त्यांना 'हिंदी सय्यद' म्हणून हिणवलं होतं. म्हणजे हा आपला नव्हेच, हिंदुस्थानातून आलेल्यांचा. आजोबा होतेच मुळी बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे!

दोन दिवसांनी कोम शहरात मदरशांतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. किती, यावर सरकारचं आणि विरोधकांचं कधीच जमलं नाही.

एरवी हे प्रकरण इथेच विझलं असतं. पण आपल्याकडे दहावा-तेरावा, तसा शियांकडे चाळिसावा. फारसीत चेहलोम. त्या दिवशी नातेवाईक, शेजारी, सगळा मोहल्ला जमतो, कुराण वाचतात, मेलेल्याचं नाव घेऊन रडतात. याची मुळं करबलाच्या वाळवंटात. इ.स. ६८० मध्ये त्यावेळचा खलिफा यझीद याच्या फौजेनं पैगंबरांचे नातू हुसैन यांना तिथे मारलं. तेराशे वर्षं उलटली, तरी हुसैन यांचा चाळिसावा चुकलेला नाही.

[दृश्य : तबरीझ. बंद दुकानं, काचांचा खच.]

आता बोटांवर मोजा. ९ जानेवारी अधिक चाळीस, १८ फेब्रुवारी. तबरीझमध्ये लोक कोमच्या मृतांसाठी मशिदीकडे निघाले, तर दाराला कुलूप. बाचाबाची झाली, एका तरुणाला गोळी लागली आणि शहर पेटलं. बँका, चित्रपटगृहं, दारूची दुकानं, शहाच्या पक्षाची कचेरी. शेवटी रणगाडे आणले. पुन्हा मृत्यू, म्हणजे पुन्हा चाळिसावा. मार्चअखेरीस यझ्द. तिथून चाळीस दिवसांनी, मे महिन्यात, परत कोम आणि आणखी कितीतरी शहरं.

सभेची परवानगी नको. पुढची तारीख मागच्या गोळीबारानंच ठरवून टाकलेली. सभेवर बंदी घालता येते, सुतकावर कशी घालणार? १९७५ मध्ये शहानं सगळे पक्ष मोडीत काढून आपला एकच ठेवला होता. कुजबुज ऐकायला सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा होतीच. माणसांनी चारचौघांत जमावं अशी जागा उरली ती मशिदीची. तिच्या शेजारी बाजार. खोमेनींची भाषणं कॅसेटवर येत आणि या बाजारांतून हातोहात पुढे जात. शिव्या शहाला, आणि टेपरेकॉर्डर शहाच्याच तेलाच्या भरभराटीत घेतलेला.

हे सगळं मशिदीनं एकटीनं केलं असं मात्र म्हणू नये. शहाचं कंबरडं मोडलं ते तेल कामगारांच्या संपानं. मोर्चात डावे होते, राष्ट्रवादी होते, विद्यापीठातली मुलं होती. एरवी कधी चादोर, म्हणजे डोक्यापासून अंगभर घ्यायचं वस्त्र, न घेणाऱ्या कितीतरी जणी शहाला चिडवायला म्हणून ती घेऊन आल्या होत्या. त्या पुढे याच लेखात परत भेटतील.

[दृश्य : रात्र. तेहरानच्या गच्च्या.]

ऑगस्टमध्ये आबादानच्या रेक्स चित्रपटगृहाच्या आगीत चारशेहून जास्त माणसं जळाली. ८ सप्टेंबरला जाले चौकात लष्करानं गर्दीवर गोळ्या चालवल्या. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मोहरम लागला.

संचारबंदी होती. मग लोक गच्चीवर चढले. अंधारात एका घरावरून 'अल्लाहू अकबर', लगेच पलीकडच्या घरावरून, मग सगळ्या गल्लीतून. लष्करी पंतप्रधान जनरल अझहारी म्हणाले, माणसं कुठली, टेप वाजवतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून मोर्चात घोषणा सुरू झाली, 'टेपला पाय नसतात'.

१० आणि ११ डिसेंबर. मोहरमची नववी, आणि हुसैन मारले गेले ती दहावी. सरकारनं नाइलाजानं मिरवणुकांना परवानगी दिली आणि देशभर लाखो माणसं रस्त्यावर आली. यंदाचा यझीद कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. १६ जानेवारीला शहा विमानात बसला. ११ फेब्रुवारीला त्याची राजवट संपली.

[दृश्य : ८ मार्च १९७९. तेहरान, बायकांचा मोर्चा, डोकी उघडी.]

महिनाही झाला नव्हता. खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत हिजाब हवा म्हटलं आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. शहाविरुद्ध चादोर घेतलेल्यांपैकी काही जणी त्यांतही होत्या. त्या हरल्या.

[दृश्य : सक्केझ, कुर्दिस्तान प्रांत. गाड्यांची रांग, वर डोंगर.]

१६ सप्टेंबर २०२२. हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा जिना अमिनी पोलिसांच्या ताब्यात कोसळली होती. तेहरानच्या रुग्णालयात ती गेली. २२ वर्षांची होती.

मोजा. १६ सप्टेंबर अधिक चाळीस, २६ ऑक्टोबर. त्या दिवशी तिच्या गावाकडे, सक्केझकडे, जाणारे रस्ते सुरक्षा दलांनी अडवले. लोक गाड्या सोडून शेतांतून, माळरानावरून आइची दफनभूमीकडे चालत निघाले. कुणीतरी काढलेला एक फोटो जगभर गेला. गाडीच्या टपावर पाठमोरी उभी एक मुलगी, केस मोकळे, पुढे दूरवर चालणाऱ्यांची रांग. आता राज्य धर्मगुरूंचं होतं, पण दिवस तोच, चाळिसावा.

आठ दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, तेहरानजवळच्या करजमध्ये लोक पुन्हा जमले. आंदोलनात मारल्या गेलेल्या आणखी एका मुलीचा चाळिसावा होता.