नुसती दिशा असून भागत नाही

शाळेत आपण सगळ्यांनी एक व्याख्या घोकलेली असते. जिला फक्त परिमाण असतं ती अदिश राशी. जिला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश. वस्तुमान, तापमान, ऊर्जा अदिश. विस्थापन, वेग, बल सदिश. परीक्षेपुरतं हे चालून जातं. मला मात्र आज या व्याख्येशी जरा भांडायचं आहे.

विद्युतधाराच घ्या. ती कुठून कुठे वाहते हे आपण बाण काढून दाखवतो. म्हणजे दिशा आली, अँपिअरमध्ये परिमाणही आलं. तरी ती अदिश! का? एका जोडापाशी दोन तारांतून धारा येतेय, एकीतून 3 अँपिअर, दुसरीतून 4. पुढच्या तारेत 7 अँपिअर जाणार. दोन तारांमधला कोन 90 अंश ठेवा नाहीतर 20, सात ते सातच. आता एखादी वस्तू 3 आणि 4 न्यूटन बलांनी ओढा. दोन्ही बलं एकाच दिशेनं असली तर एकूण 7, विरुद्ध असली तर 1, काटकोनात असली तर 5. इथे बेरीज कोनाला विचारल्याशिवाय होत नाही. हाच तो समांतरभुज चौकोनाचा नियम: दोन बलं लगतच्या बाजू धरून चौकोन काढा, त्यांच्यामधला कर्ण म्हणजे बेरीज. न्यूटननं 1687 साली ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम सांगितले आणि लगेच पहिला उपसिद्धांत म्हणून हाच मांडला. माझ्या मते सदिशाची खरी ओळख इथे आहे: तो बेरजेत कसा वागतो, यात. (उणे चिन्ह म्हणजे दिशा, असंही काहींना वाटतं. तापमान उणे 10 अंश असलं म्हणून ते कुठे निघालेलं नसतं.)

याहून गमतीचं उदाहरण फिरवण्याचं. एक पुस्तक उभं धरा, मुखपृष्ठ तुमच्याकडे, कणा डावीकडे. उभ्या अक्षाभोवती ते 90 अंशांत असं फिरवा की कणा तुमच्यासमोर येईल. मग वरची कड पलीकडे जाईल असं 90 अंशांत मागे पाडा. आता कणा वर आहे, मुखपृष्ठ उजवीकडे. पुन्हा पहिल्यासारखं धरा आणि क्रम उलटा करा: आधी मागे पाडा, मग उभ्या अक्षाभोवती तसंच फिरवा. या वेळी मुखपृष्ठ वर, कणा तुमच्याकडे! प्रत्येक फिरवण्याला कोन होता, अक्षाची दिशा होती. पण सदिशांची बेरीज कुठल्याही क्रमानं केली तरी उत्तर तेच यायला हवं, आणि इथे ते येत नाही. म्हणून असं मोठ्या कोनातून फिरवणं सदिश नव्हे.

मग कोनीय वेगाला, म्हणजे वस्तू कुठल्या अक्षाभोवती किती झपाट्यानं फिरते हे सांगणाऱ्या राशीला, सदिश का म्हणतात? कोन 90 ऐवजी 1 अंश घ्या. दोन क्रमांतला फरक आता जेमतेम एका अंशाच्या सत्तावन्नाव्या भागाइतका उरतो. कोन आणखी दहापट लहान केला की फरक शंभरपट लहान होतो, म्हणजे कोनापेक्षा फार लवकर विरतो. कोनीय वेग काढताना आपण कालावधी, आणि त्याबरोबर कोनही, शून्याकडे नेतो. तिथे क्रमाचं भांडणच उरत नाही, आणि समांतरभुज चौकोनाचा नियम बिनतक्रार लागू होतो.