गंगेचं पाणी न्यूयॉर्कच्या समुद्रात

श्रोतेहो, नमस्कार.

४ नोव्हेंबर १८२५. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, सँडी हुक या वाळूच्या दांड्याजवळ बोटींचा मोठा ताफा जमलाय. राज्याचे गव्हर्नर डी-विट क्लिंटन पिंपातलं पाणी समुद्रात ओततात. ते पाणी ईरी सरोवराचं आहे, थेट बफेलोहून नावेतून आणलेलं. त्यांच्यामागून डॉ. सॅम्युएल मिचिल पुढे येतात. त्यांनी जगभरच्या नद्यांचं पाणी जमवलंय. नाइल, थेम्स, ऱ्हाइन, ॲमेझॉन. आणि त्यातच आपली गंगा आणि सिंधूसुद्धा. तेही सगळं समुद्रात मिसळलं जातं.

काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू आपण देव्हाऱ्यात जपतो. तीच गंगा दोनशे वर्षांपूर्वी एवढ्या लांब एका कालव्याच्या उद्घाटनाला पोचली होती, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या ईरी कालव्याची ही गोष्ट.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाटबंधाऱ्याचा कालवा येतो. धरण, पाट, चारी, उसाचं शेत. ईरी कालवा तसा नव्हता. तो नावांसाठी खोदलेला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला ॲपलाचियन डोंगररांगेने आतल्या सुपीक मुलखापासून तोडलं होतं. त्या रांगेत एक खिंड आहे, मोहॉक नदीच्या खोऱ्याची. तिथून पाण्याची वाट काढली, तर ईरीसारख्या मोठ्या सरोवरांवरचा गहू हडसन नदीत आणि पुढे न्यूयॉर्कला येऊ शकत होता.

ही कल्पना तपशिलात मांडली ती जेसी हॉली या पिठाच्या व्यापाऱ्याने, आणि तीही तुरुंगातून. माल बाजारपेठेत पोचवता पोचवता धंदा बुडाला, आणि कर्ज फेडता न आल्याने त्याला कॅनन्डेग्वा गावात डांबलं होतं. तिथून त्याने १८०७-०८ मध्ये 'हर्क्युलीस' या टोपणनावाने १४ लेख लिहिले. वाहतुकीपायी नागवला गेलेला माणूस वाहतुकीचाच मार्ग सुचवतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना ही योजना जवळपास वेडेपणाचीच वाटली. केंद्राकडून पैसा मिळाला नाही. शेवटी न्यूयॉर्क राज्याने एकट्याने हे ओझं उचललं. लोक त्याला 'क्लिंटनचा खड्डा' म्हणून हिणवायचे.

४ जुलै १८१७ ला रोम या गावी पहिली कुदळ पडली. हडसनकाठचं ऑल्बनी ते ईरीकाठचं बफेलो, ३६३ मैल, म्हणजे ५८४ किलोमीटर. पाण्याची रुंदी वरच्या बाजूला ४० फूट आणि खोली फक्त ४ फूट. जेमतेम माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या या पाण्याने पुढे एका देशाचा व्यापार वाहिला.

आणि हे बांधणारे इंजिनिअर कोण होते? बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे जमीन मोजणारे आणि स्थानिक न्यायाधीश. अमेरिकेत तेव्हा असं काम केलेलं माणूस मिळणंच मुश्कील होतं. कॅनव्हस व्हाइट हा तरुण इंग्लंडला गेला, तिथले कालवे शेकडो मैल पायी फिरून पाहिले आणि नकाशे काढून आणले. परत आल्यावर त्याने आणखी एक काम केलं. साधा चुना पाण्याखाली धरत नाही, भिंती सुटतात. पाण्यात घट्ट होणारं सिमेंट परदेशातून आणायचं तर खर्च परवडेना. शिटनँगो गावाजवळचा एक दगड भाजून, दळून पाहिला, तर तो पाण्याखाली घट्ट होऊ लागला. कालव्याची दगडी बांधकामं त्या सिमेंटावर उभी राहिली. जंगल तोडल्यावर उरलेले बुंधे उपटायला सोळा फुटी चाकांचं एक यंत्र तयार केलं. सात माणसं आणि घोड्यांची एक जोडी दिवसाला तीस-चाळीस बुंधे काढत असत. हे सगळे लोक काम करता करता शिकले. मला या कालव्याचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल, तर या शिकण्याचं.

पण खोदणाऱ्यांचे हाल झाले. १८१९ मध्ये मॉन्टेझुमाच्या दलदलीत काम पोचलं, तेव्हा हिवतापाने सुमारे हजार मजूर आजारी पडले. डासांमुळे हा ताप येतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कुदळी चालवणाऱ्यांत आजूबाजूचे शेतकरी होते आणि आयर्लंडहून पोटासाठी आलेले मजूरही. उद्घाटनाच्या वर्णनांत गव्हर्नर आहेत, तोफा आहेत, मेजवान्या आहेत. या माणसांना त्यात फार थोड्या ओळी मिळाल्यात.

आता जरा लॉकपोर्टला चला. ईरी सरोवर हडसन नदीपेक्षा सुमारे १७० मीटर उंचावर आहे. पाणी चढणीवर चालत नाही, मग नाव चढणार कशी? त्यासाठी लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. खालून नाव आत येते, मागचं दार मिटतं. वरच्या दारातल्या झडपा उघडल्या की पाणी आत येतं आणि नाव हळूहळू वर उचलली जाते. पातळी सारखी झाली की वरचं दार उघडतं. या दाराच्या दोन फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. त्यामुळे वरच्या पाण्याचा दाब जितका जास्त, तितकं दार घट्ट बसतं. मोटर नाही, इंजिन नाही. माणूस लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचा आणि सगळं काम पाणीच करायचं. सुरुवातीला अशी ८३ लॉक होती. लॉकपोर्टला कातळाचा उभा कडा आडवा आला, म्हणून नेथन रॉबर्ट्स यांनी तिथे पाच लॉक एकाला एक जोडून जिना केला. तोही दुहेरी, चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या नावांसाठी वेगवेगळा. कालवा पुढे रुंद केला तेव्हा हा जिना नव्याने बांधला गेला, आणि त्याची एक बाजू आजही जागेवर आहे. काठाच्या दगडावर मी हात ठेवला, तर तो भर दुपारीही गार होता. खालून पाण्याचा एकसुरी आवाज येत होता. तिथून पाय निघेना.

नावा ओढायची खेचरं. काठाने वाट, खेचराला लांब दोर, आणि मागे चालणारा पोरगा. काही तर अगदी कोवळी मुलं होती, ऊन-पाऊस-चिखल तुडवत, रात्रीच्या पाळीलासुद्धा. हिवाळ्यात कालवा गोठला की काम बंद. मग घरदार नसलेल्या मुलांना कुठे जायचं, हा प्रश्न दर वर्षी उभा राहायचा.

कालव्याने गावं जन्माला घातली. लॉकपोर्ट, ब्रॉकपोर्ट, स्पेन्सरपोर्ट, मिडलपोर्ट, वीड्सपोर्ट. समुद्र शेकडो मैल दूर, आणि नावात मात्र 'पोर्ट', बंदर! रॉचेस्टरला जेनेसी नदीवरून कालवा दगडी पुलाने नेला, म्हणजे खाली नदी आणि वर नावा. धबधब्यांवर गिरण्या फिरू लागल्या आणि ते पिठाचं शहर झालं. सिरॅक्यूसचं मीठ दूरवर जाऊ लागलं. बफेलोला १८४२ मध्ये जोसेफ डार्ट यांनी वाफेवर धान्य उपसणारं कोठार उभारलं. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला पूर्वी सुमारे १०० डॉलर पडायचे, ते १० डॉलरच्या आसपास आले. ७० लाख डॉलरचा खर्च राज्याने टोलमधून थोड्याच वर्षांत भरून काढला.

इथवरची गोष्ट अभिमानाने सांगता येते. पण ही जमीन मोकळी नव्हती. ती होडनोशोनी लोकांची, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनन्डागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या संघाची. जिथे पहिली कुदळ पडली, त्या रोमजवळ दोन प्रवाहांमधल्या वाटेवरून ते पिढ्यान्‌पिढ्या होड्या खांद्यावर वाहून नेत आले होते. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकमाने निघालेल्या फौजेने त्यांची गावं, मक्याची शेतं, फळबागा जाळल्या. त्या मोहिमेच्या सेनापतींपैकी एक होते जेम्स क्लिंटन, पाण्याचं पिंप ओतणाऱ्या डी-विट क्लिंटन यांचे वडील. वडिलांनी जाळलेल्या मुलखाच्या वाटेवरच मुलाचा कालवा झाला. पुढे न्यूयॉर्क राज्याने करारांतून उरलेल्या बहुतेक जमिनी घेतल्या. १७९५ चा असाच एक व्यवहार कायद्याला धरून नव्हता, हे ओनायडा लोकांच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केलं. १९० वर्षांनी.

उद्घाटनाच्या मुख्य नावेचं नाव होतं 'सेनेका चीफ', म्हणजे सेनेकांचा सरदार. ज्यांची जमीन गेली, त्यांचंच नाव नावेला. त्याच मिरवणुकीसाठी आणखी एक नाव निघाली होती, 'नोआज आर्क', म्हणजे बायबलच्या कथेतली प्राण्यांनी भरलेली नोआची नाव. पश्चिमेचा मुलूख कसा आहे हे शहरवासीयांना दाखवायला तिच्यात अस्वल, गरुड, हरणाची पाडसं ठेवली होती. आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या पारंपरिक वेशात, दोन आदिवासी मुलं. प्राण्यांच्या यादीत दोन मुलं! गंगेच्या पाण्याचं वाचून मला जितका आनंद झाला होता, तितकंच हे वाचून मन खट्टू झालं. दोन्ही गोष्टी एकाच सोहळ्यातल्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी गाळायची, हे मला जमलं नाही.

कालव्याला दोनशे वर्षं होणार, म्हणून बफेलोत त्या 'सेनेका चीफ'ची हुबेहूब नवी नाव लाकडात बांधली गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा न्यूयॉर्कला निघाली. या वेळी वाटेतल्या गावांमध्ये थांबून पांढऱ्या पाइनची रोपं लावली गेली. होडनोशोनी परंपरेत हे शांततेचं झाड. फार पूर्वी, टस्करोरा संघात येण्याआधी, बाकीच्या पाच राष्ट्रांनी भांडणं मिटवली, तेव्हा त्याच झाडाच्या मुळाखाली आपली शस्त्रं पुरली होती, असं ते सांगतात.