गिरणीनं वसवलेलं सोलापूर

(दृश्य: भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, वरून)
किल्ला, तलाव आणि भोवतीच्या पेठा. दीडशे वर्षांपूर्वीचं सोलापूर साधारण एवढंच. १८७२ च्या जनगणनेत वस्ती भरली ५३ हजार.

(रेल्वे स्टेशन)
१८६० च्या सुमारास मुंबईकडून आगगाडी आली आणि काळ्या रानातला कापूस गाडीत चढला. कापूस इथला, विणकर इथले, मग गिरणीही इथंच का नको? हा हिशेब मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी मांडला. १८७४ मध्ये कंपनी उभी राहिली, १८७७ मध्ये गिरणी चालू झाली. तीच ही जुनी गिरणी.

(गिरणीचं आवार)
सालं नीट बघा. १८७६-७७ म्हणजे मोठा दुष्काळ. गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांना गावात खायला काही उरलं नव्हतं. शहर वाढलं असं आपण सहज म्हणतो. ते गावं ओस पडून वाढलं, हे सांगायलाच हवं.

पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जामश्री. एकामागून एक भोंगे वाजू लागले. तेलंगणातून पद्मशाली या विणकर समाजातली कुटुंबं आली, ती आपला माग आणि आपली भाषा घेऊनच. १९५१ पर्यंत वस्ती अडीच लाखांच्या पुढे गेली.

(सेटलमेंटचा रस्ता)
गिरण्यांना माणसं मिळण्याची आणखी एक वाट होती. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इथं तारेच्या कुंपणात डांबलं. रोज हजेरी. त्यांच्यातल्याच बाया-माणसांना गिरणीत कामाला धाडलं जाई. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ मध्ये गेला. या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

(यंत्रमाग, अगदी जवळून)
हा चादरीचा माग. वर पुठ्ठ्यांची माळ फिरतेय, तिच्यावरची भोकं बघा. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. नक्षी उमटते ती अशी. खाली आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावतोय. विणकराचे डोळे तुटणाऱ्या धाग्यावर, आणि पलीकडे बाई कांड्या भरतेय. घर आणि कारखाना यांच्यात एक भिंत, कुठं कुठं तीही नाही.

(गंजलेलं फाटक)
ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. सरकारनं १९५० मध्ये खास कायदा करून ती ताब्यात घेतली, वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. पुढे ती कायमची थांबली. मग लक्ष्मी-विष्णू, मग नरसिंग गिरजी. हजारो घरांचा पगार गेला.

(विडी वळणाऱ्या बायका)
मांडीवर सूप. मापात कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक फेर आणि दोरा. मजुरी हजार विड्यांवर. गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा कितीतरी घरं या बोटांनी चालवली, पण सोलापूरच्या औद्योगिक इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात.

(कुंभारी, घरांच्या रांगा)
याच बायकांनी घरांसाठी मोर्चे काढले, वर्षानुवर्षं लढल्या. २००६ मध्ये अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारीत, दहा हजार घरांची, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची वसाहत त्यांच्या ताब्यात आली. शेजारी असंघटित कामगारांसाठी रे नगर: तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं.