वय महिन्यांत मोजायचं

(पडद्यावर अंधार. टापांचा आवाज, घोड्यांची फुरफुर. हळूहळू पहाट.)

सव्वापाच वाजलेत. कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावाजवळ, पाइनच्या जंगलात, शंभराहून जास्त घोडे एका दिशेनं तोंड करून उभे आहेत. इथून ऑबर्न 100 मैलांवर, म्हणजे साधारण 160 किलोमीटर. उद्या पहाटे सव्वापाचच्या आत पोहोचायचं. मधे सिएरा नेवाडाचा डोंगर आहे आणि दुपारी भट्टीसारख्या तापणाऱ्या दऱ्या आहेत. ही टेव्हिस कप, घोड्यांची लांब पल्ल्याची दौड. वेंडेल रोबी यांनी 1955 मध्ये सुरू केलेली. दरवर्षी निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोहोचतात.

या गर्दीत पाच वर्षांचा घोडा मात्र दिसणार नाही. नियम आहे: दौडीच्या दिवशी घोडा किमान 72 महिन्यांचा हवा.

महिन्यांचा. वर्षांचा हिशेब इथे चालत नाही, आणि त्याला कारण आहे. घोड्यांच्या जगात सोयीसाठी सगळ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरायची जुनी पद्धत आहे. सप्टेंबरात जन्मलेलं शिंगरू तीन-साडेतीन महिन्यांत कागदावर एक वर्षाचं होतं. मैदानावरच्या दोन-तीन मिनिटांच्या शर्यतीला हे खपतं. केंटकी डर्बी ही अमेरिकेतली प्रसिद्ध शर्यत तर तीन वर्षांच्या घोड्यांचीच असते. पण दिवसभर आणि मग रात्रभर चालायचं असेल, तर जन्मतारीख खरी लागते.

(जवळून: घोड्याचं उघडलेलं तोंड, अंगठ्यानं वर उचललेला ओठ.)

तारखेवर विश्वास नसेल तर दात आहेतच. आपल्याकडे बैल घेताना दोन दाती, चार दाती, जुळलेला असं म्हणतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाराही आधी तोंड उघडतो. शास्त्र तेच. पुढचे मधले दोन दात अडीच वर्षांना बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कोपऱ्यातले साडेचारला. हा बघा कोपऱ्यातला दात. लहान, पांढरा, मुळाशी अरुंद. दुधाचा आहे. शेजारचा पिवळसर, रुंद, तो कायमचा.

अमेरिकेत या खेळाचा कारभार बघणारी संस्था, अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, 1972 पासून आहे. तिच्या नियमात 25 ते 35 मैलांच्या छोट्या दौडीला 48 महिने पुरतात. म्हणजे तोंडात दुधाचे दात असलेलं जनावरही तिथे धावू शकतं. 50 मैल आणि त्याहून लांब पल्ल्याला 60 महिने. टेव्हिसवाल्यांनी त्यावर आणखी एक वर्ष चढवलं. मला विचाराल तर तेच बरोबर आहे.

कारण घोड्याचं शरीर एका वेळी तयार होत नाही. छाती आणि स्नायू काही महिन्यांच्या सरावानं कमावले जातात. कंडरा आणि हाडं मागे राहतात, त्यांना वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. गुडघ्याजवळची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते. पाठीच्या मणक्यांची मात्र साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि खोगीर नेमकं तिथेच बसतं. साडेचार वर्षांचा अरबी घोडा टेकडी चढून आला की धाप लागत नाही, कान टवकारलेले, आणखी पळायला तयार. स्वार फसतो तो इथेच. दम आहे म्हणून घोडा तयार आहे, असं त्याला वाटतं.

(तपासणीचा तळ. पाण्याच्या बादल्या, स्पंज, रांग.)

पशुवैद्य फसू नये म्हणून वाटेत तपासण्या असतात. नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला 60 ते 64 ठोक्यांवर यायला हवी. हिरडीवर अंगठा दाबून सोडायचा आणि गुलाबी रंग किती लवकर परततो ते बघायचं. मानेची कातडी चिमटीत धरायची. पोटाला स्टेथोस्कोप लावायचा, आत गुडगुड ऐकू आली पाहिजे. पोट गप्प असेल तर काळजी. मग दुडकी. लगाम धरून माणूस पळतो, शेजारी घोडा, आणि वैद्य डोक्याकडे बघत राहतो. पाय दुखत असेल तर डोकं सांगतं. शेवटी पुढच्या पायाच्या नळीमागून हात फिरवायचा. तिथे ऊब लागली तर दौड तिथेच थांबते. नाडी कितीही छान असो.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची, म्हणजे एफईआयची, पद्धत पायऱ्यांची आहे. तारे जितके जास्त तितकी स्पर्धा वरची. एक ताऱ्याच्या स्पर्धेला सहा वर्षं, दोनला सात, तीनला आठ. त्याआधी नवख्या घोड्यानं 40 ते 79 किलोमीटरच्या दोन आणि 80 किलोमीटरच्या दोन दौडी पूर्ण करायच्या, तासाला 16 किलोमीटरच्या वर न जाता. पात्रता मिळवायला हळू जाण्याची अट! आखाती देशांच्या सपाट वाळूत वेग किती वाढला आणि किती पाय मोडले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही अट विचित्र वाटणार नाही. 2015 मध्ये एफईआयनं संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला काही महिने निलंबित केलं होतं, घोड्यांच्या हालांमुळेच.

अमेरिकेतल्या संस्थेचा एक सन्मान मला फार आवडतो. एकाच स्वारानं एकाच घोड्यावर दहा वेगवेगळ्या वर्षांत दरवर्षी किमान एक 50 मैलांची दौड पूर्ण करायची. पहिल्या क्रमांकाचा त्यात संबंधच नाही.

(कुरण. संध्याकाळ. एक करडी घोडी गवतात तोंड घालून.)

आता समजा, एक घोडी 2019 च्या सप्टेंबरात जन्मली. 1 जानेवारीच्या हिशेबानं 2025 मध्ये ती सहाची. त्या वर्षीच्या जुलैत, टेव्हिसच्या वेळी, तिचे भरतात 70 महिने. दोन कमी. टेव्हिससाठी तिला 2026 चा उन्हाळा बघावा लागणार. तोवर तिला 50 मैलांच्या दौडी मोकळ्या आहेत, आणि एरवी चढावर चालणं. नुसतं चालणं, रोज.